सातव्या शाळेचं उत्तर

शैलाताई,

तुला जाऊन आज एकोणीस दिवस झाले आणि मला अजून एका जागी बसता येत नाही. आई म्हणते, "गार्गी, पाच मिनिटं टेक की जरा." मी टेकते आणि तिसऱ्या मिनिटाला उठून गॅलरीत जाते. खाली शनिवार पेठेतली नेहमीची गर्दी. वळणावर एखादी पांढरी स्कूटर दोनदा हॉर्न देते आणि मी कठड्यावरून वाकून बघते. तू नाहीस हे मला माहीत आहे. तरी वाकते. मग स्वतःचा राग येतो, आणि मग तुझाही. आपलं भांडण अर्ध्यावर राहिलं आणि उरलेलं अर्धं तू माझ्या एकटीच्या अंगावर टाकून गेलीस.

पेपरात तुझी छोटी चौकट आली होती. वय, माहेर, सासर, कुठून निघणार, किती वाजता, सगळं होतं. बीबीएच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा नुकतीच दिलेली, हे मात्र नव्हतं. मला ते फार लागलं. तुला लागलं नसतं. तू म्हणाली असतीस, "जागा कमी असंल गं."

मला पहिला दिवस आठवतो. तू वर्गात आलीस आणि आम्ही सगळे उठून उभे राहिलो. फिकट जांभळी साडी, खांद्याला पर्स, चष्मा कपाळावर ढकललेला. आम्हाला वाटलं, मॅडम. तू दारातच थबकलीस. "बसा रे, बसा. मी पण शिकायलाच आलीय." मागच्या बाकांवरून हशा आला. तू त्या हशातून सरळ चालत माझ्यापर्यंत आलीस आणि शेजारची जागा दाखवून विचारलंस, "इथं कोणी हाय?"

"नाही. बसा ना."

"बसा काय? बस म्हण. एका बाकावर बसून अहो-जाहो केलं तर बाक मोडंल."

त्या दिवसांत मी जगावर चिडलेली होते. बारावीला मार्क कमी पडले म्हणून शहरातली कॉलेजं हुकली आणि मनपाच्या स्टँडवरून दीड तास बसमध्ये उभं राहून वाघोलीला यायची वेळ आली. मला ते कॉलेज म्हणजे शिक्षा वाटायची. तुझं उलट होतं. वाघोली तुझं माहेर. कॉलेजच्या पार्किंगच्या जागी तुझ्या चुलत्यांची गवार असायची. "ह्या खांबापाशी मला विंचू चावला होता," असं तू मला एकदा अगदी अभिमानानं दाखवलं होतंस. लग्न होऊन बिबवेवाडीला गेलीस, अठरा वर्षं शाळेचे गणवेश शिवायचं युनिट चालवलंस, आणि त्रेचाळिसाव्या वर्षी वही घेऊन परत त्याच गवारीच्या वावरात येऊन बसलीस.

का, असं मी तुला विचारलं होतं. तू सांगितलंस की एका मोठ्या शाळेच्या ऑफिसात टाय लावलेल्या एका माणसानं तुला विचारलं, तुमचं बिझनेस मॉडेल काय. "मी म्हटलं, साहेब, जुन्या कंपनीचंच मॉडेल हाय, पण मशीन चांगलं चालतं. तो हसला. त्या हसण्यापायी मी अ‍ॅडमिशन घेतली बघ."

येताना तू बिबवेवाडीहून हडपसरमार्गे यायचीस, पण जाताना बटणं, इलॅस्टिक, चेन घ्यायला रविवार पेठेत शिरायचीस. म्हणून तीन वर्षं तुझ्या स्कूटरच्या मागच्या सीटवर माझी जागा ठरलेली. नगर रोडच्या धुरात आपण ओरडून बोलायचो. पुस्तकातल्यापेक्षा जास्त मी तिथं शिकले, हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. पहिल्या सर्व्हेच्या वेळी मी एका दुकानासमोर फॉर्म छातीशी धरून थिजून उभी होते, आत जायला पाय उचलत नव्हता. तू मागून म्हणालीस, "आधी पाणी माग. पाणी दिलेल्या माणसाशी बोलणं सोपं जातं." मी पाणी मागितलं. तेव्हापासून मी कुणाशीही बोलू शकते. नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा मी आधी पाणी मागितलं.

शेवटच्या वर्षी स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट हा विषय आला. जोगळेकर सर. वीस वर्षं कारखान्यात काढून शिकवायला आलेले, फळ्यावर कमी लिहिणारे. पहिल्याच तासाला म्हणाले, "कंपनी काय काय करणार ते मला सांगू नका. ते कोणीही सांगतो. काय करणार नाही, ते सांगा. ते ठरवता आलं तर तुम्हाला विषय कळला."

तू हात वर केलास. "सर, आणि जे करणार न्हाई, ते ज्यांच्यासाठी करत होतो, त्यांना कोण सांगणार?"

वर्ग हसला. सरही हसले. "तो एचआरचा प्रश्न आहे, ताई."

तू वहीत एचआर लिहिलंस आणि पुढे मोठं प्रश्नचिन्ह काढलंस. मी शेजारून बघत होते.

त्या विषयाचा मोठा भाग म्हणजे प्रकल्प. चौघांचा गट करायचा, एक खरा चालता धंदा निवडायचा, तो आतून-बाहेरून तपासायचा, पुढच्या पाच वर्षांची दिशा ठरवायची आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांना ती पटवून द्यायची. तीन वर्षांत शिकलेलं सगळं त्या एका कामात वापरायचं. आपल्या गटात तू, मी, रोहन आणि त्याचा एक मित्र. रोहनच्या काकांचं गाड्यांचं शोरूम ठरलं होतं, पण ऐन वेळी काकांनी अंग काढून घेतलं. तेव्हा मी म्हटलं, "ताई, तुझं युनिट घेऊ."

"नको गं. बायका घाबरतील. वाटंल, कुणाला तरी काढायचं चाललंय."

मी आठवडाभर तुझ्या मागे लागले. शेवटी तू एका अटीवर हो म्हणालीस. बायकांना जे विचारायचं ते चहाच्या वेळेत. मशीन थांबता कामा नये.

ताई, तुझ्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये मी जेवढी रमले तेवढी कुठेच रमले नाही. बारा मशीन, मधोमध कटिंगचं लांब टेबल, आणि टेबलाशी तुझी कटिंग मास्टर लता, जी हातात कात्री असल्याशिवाय बोलत नसे. एका दुपारी मी भिंतीवर मोठा कागद लावला आणि चार खण पाडले. बलस्थानं, उणिवा, संधी, धोके. उणिवांच्या खणापाशी सगळ्या गप्प. मग लता म्हणाली, "ताई कुणाचं ऐकत नाहीत. लिही." शेडभर हशा झाला. तू म्हणालीस, "लिही, लिही. मोठ्या अक्षरात लिही." धोक्यांचा खण मात्र तू स्वतः सांगितलास. "रेडिमेडवाले. लहान, मध्यम, मोठं, तीन मापांत अख्खी शाळा बसवतात. पोरं बसत न्हाईत त्यात, पण साहेब लोकांना बसतं."

तुला विषय किती पटकन कळायचा याचा मला हेवा वाटायचा. सरांनी एकदा गाभ्याची क्षमता शिकवली. आपल्याला जमतं, गिऱ्हाइकाला हवं असतं आणि दुसऱ्याला सहज उचलता येत नाही अशी गोष्ट. मी व्याख्या पाठ करत होते. तू येरवड्याच्या सिग्नलला मागे वळून ओरडलीस, "अगं, ते म्हणजे माप!" आणि मग सिग्नल सुटेपर्यंत मला सांगितलंस, की तू प्रत्येक पोराचं माप स्वतः घेतेस आणि घेताना त्याच्या पायाकडे बघतेस. पाऊल मोठं असलं तर पोरगं वर्षभरात उंच होणार, म्हणून दुमड जास्त ठेवायची. जूनमध्ये शिवलेलं मार्चपर्यंत यायला हवं. हे कुठल्या रेडिमेडवाल्याला जमणार?

पण गटाची प्रमुख मी होते, आणि माझं विश्लेषण वेगळं बोलत होतं. शाळा एकामागून एक मोठ्या पुरवठादारांकडे चालल्या होत्या. त्यांना एकच माणूस हवा होता, जो बूट, दप्तर, गणवेश, टाय सगळं देईल. तुझ्याकडे फक्त माप होतं. उलट खराडी-वाघोलीकडे हॉस्पिटलं वाढत होती आणि त्यांच्या नर्सेसना, वॉर्डातल्या मावशींना, सगळ्यांना गणवेश लागत होते. म्हणून आमची शिफारस अशी, की युनिटनं दोन वर्षांत शाळांचं काम पूर्ण सोडावं आणि हॉस्पिटलांकडे वळावं. तू चहा घेता घेता तीन दिवस माझ्याशी भांडलीस. "सोडायचं काय हे ठरवणं म्हणजे स्ट्रॅटेजी, मान्य. पण कुणाला सोडायचं, हे तुमच्या पुस्तकात कुठं विचारतच न्हाईत." मग अहवालावर सही केलीस. म्हणालीस, "चौघांत तिघं एकीकडं, म्हणून सही करते. पण परीक्षकांनी विचारलं तर मला पटलं न्हाई असं सांगीन."

आता ते सांगते, जे मी तुला सांगितलं नाही.

तू ज्यांना गणवेश द्यायचीस त्या सातही शाळांत मी जाऊन आले होते. प्रत्येकीला एकच फॉर्म. दोन वर्षांनी तुम्ही याच युनिटकडून गणवेश घ्याल का, आणि का. सहा शाळांनी फिरवून फिरवून नाही म्हटलं. सातवी कदम बाईंची. बिबवेवाडीतली ती दोन मजली छोटी शाळा. बाईंनी फॉर्म ठेवून घेतला आणि चार दिवसांनी मला कॉलेजात पाठवला. पुढची बाजू भरून मागच्या बाजूला त्यांनी निळ्या शाईनं पानभर लिहिलं होतं. त्यांच्याकडे पायाला आधाराचा कॅलिपर लावणारी एक मुलगी होती. तिला सलवार एकटीला चढवता यायची नाही. आई सकाळी कामाला गेली की ती मुलगी घरीच राहायची. तू माप घ्यायला गेलीस, तिच्याशी काहीतरी बोललीस, आणि तिची सलवार दोन्ही बाजूंनी उघडी ठेवून वरून खालपर्यंत वेल्क्रोची चिकटपट्टी लावून शिवलीस. न सांगता, न मागता. त्या दिवसापासून तिची गैरहजेरी जवळजवळ थांबली. बाईंनी शेवटी लिहिलं होतं, "शैलाताई शिवत आहेत तोवर आम्ही दुसरीकडे जाणार नाही. ओळखीच्या दोन मुख्याध्यापिकांनाही मी त्यांचं नाव सांगितलं आहे. त्या भेटायला तयार आहेत."

मी तो कागद कॅन्टीनच्या पायऱ्यांवर बसून वाचला. दुपारचे दोन वाजले होते. चार वाजता अहवाल द्यायचा होता. तक्ता तयार होता, स्लाइड तयार होत्या. सहा शाळा एका बाजूला आणि सातवी अशी. ती धरली तर शिफारस बदलावी लागली असती. नुसती बदलावी लागली नसती, तुझी बाजू खरी ठरली असती. मी लॅपटॉप उघडला आणि सातव्या शाळेपुढे लिहिलं, "प्रतिसाद अप्राप्त". वाईट वगैरे वाटलं नाही, ताई. उलट बरं वाटलं. तक्ता स्वच्छ दिसत होता. कागद मी घडी करून फाईलच्या मागच्या कप्प्यात घातला.

परीक्षेच्या दिवशी ती फाईल माझ्या हातात होती. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई शांत, नेमकं विचारणाऱ्या. माझं सादरीकरण झालं. त्यांनी तुझ्याकडे बघितलं. "युनिट तुमचंच ना? तुम्हाला ही शिफारस मान्य आहे?"

तू उठलीस. "न्हाई मॅडम. छोट्या शाळा टिकतील असं मला वाटतं. त्यांना माप लागतं."

"काही पुरावा आहे?"

तू माझ्याकडे बघितलंस. काही मागत नव्हतीस, सहज बघितलंस, जसं वर्गात बघायचीस. मी स्लाइडकडे बघत राहिले.

"पुरावा न्हाई," तू म्हणालीस. "वाटतं."

"वाटण्यावर धंदा उभा राहतो, पण दिशा ठरत नाही," बाई म्हणाल्या. वाईट बोलल्या नाहीत. तू मान हलवलीस आणि बसलीस. तू त्या मुलीबद्दल का बोलली नाहीस? मी खूप विचार केला. मला वाटतं, ते सांगण्यासारखं आहे हेच तुझ्या डोक्यात आलं नसणार. तुझ्या दृष्टीनं ती एक सलवार होती.

मला वर्गात सगळ्यात जास्त मार्क मिळाले. पार्किंगमध्ये तू म्हणालीस, "छान बोललीस गं." आणि त्या शब्दानं माझं डोकं फिरलं. ओरडायला हवं होतं मी स्वतःवर, ओरडले तुझ्यावर. सगळ्यांसमोर गटाच्या विरोधात बोललीस. तुला शिकायचं नव्हतंच कधी. तुला आपण आधीपासून बरोबर होतो एवढंच कुणाकडून तरी लिहून हवं होतं.

तुझा चेहरा पडला. तू हेल्मेटचा पट्टा लावलास, एकदा चुकला, परत लावलास. मग म्हणालीस, "बस मागं. उशीर होतोय." मी बसले. वाघोली ते शनिवार पेठ तू एक शब्द बोलली नाहीस. माझ्या दारात मला उतरवलंस आणि गेलीस. ती आपली शेवटची चक्कर.

जूनच्या सुरुवातीला तुझा फोन आला. मागून मशीनचा आवाज, हंगाम ऐन भरात. "गार्गी, त्या हॉस्पिटलच्या खरेदी विभागात कुणाला भेटायचं म्हणाली होतीस?" मला आनंद झाला, ताई. जिंकल्याचा आनंद. मी म्हटलं, "पटलं ना शेवटी?"

"पटलं न्हाई. पण माझ्याकडं पुरावा न्हाई ना."

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. कागद माझ्यापासून पाच फुटांवर कपाटात होता. मी तुला नाव आणि नंबर दिला. तू म्हणालीस, "ये एकदा. बायका विचारतात." मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यात येते." पुढचा आठवडा गेला, त्याच्या पुढचाही. मग लताचा फोन आला. सकाळपासून पित्त झालंय म्हणून तू ओवा चावत कटिंग करत होतीस. कपड्याच्या ताग्यावर जरा टेकलीस आणि लताला म्हणालीस, "कात्री धर." रिक्षा येईपर्यंत तू नव्हतीस.

सहाव्या दिवशी मी तुझ्या घरी आले. दाजी भिंतीला टेकून बसले होते. मी आल्यावर त्यांनी सवयीनं विचारलं, "चहा घेणार ना?" आणि मग कुणाला सांगायचं ते त्यांना सुचेना. लता उठली. तेवढ्यात कदम बाई आल्या. त्यांच्या हातात एक पत्र होतं. त्यांनी दाजींना नमस्कार केला आणि हळूच म्हणाल्या, "ही वेळ नाही, कळतंय मला. पण मनातून जात नाही. त्यांनी आम्हाला का सोडलं?"

ते पत्र तुझं होतं. पुढच्या वर्षापासून आम्ही शाळेचं काम घेऊ शकत नाही, क्षमस्व. सातही शाळांना तू तेच पत्र पाठवलं होतंस, आमच्या शिफारशीनुसार, दोन वर्षांचं काम एका वर्षात. तुला करायचं असलं की तू थांबायची नाहीस.

"मी तर लिहून दिलं होतं," बाई म्हणाल्या, "की आम्ही जाणार नाही. कॉलेजातून मुलगी आली होती तिच्याकडे." आणि मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "अहो, तुम्हीच ना?"

चहाचा ट्रे घेऊन लता दारात उभी होती. मी म्हटलं, हो, मीच. तुमचं उत्तर मिळालं होतं. मी ते अहवालात घातलं नाही. उत्तर आलं नाही असं लिहिलं. ताईला कधी कळलं नाही.

कुणी ओरडलं नाही. कुणी तरी ओरडायला हवं होतं. दाजींना नीट कळलं नसावं, ते माझ्याकडे आणि बाईंकडे आळीपाळीनं बघत राहिले. लतानं ट्रे खाली ठेवला, दोन कप दाजी आणि बाईंपुढे सरकवले. माझा ट्रेमधून उचलला नाही. मला म्हणाली, "ताई रोज म्हणायच्या, गार्गीनं सगळं तपासून लिहिलंय, तिचं चुकायचं नाही." एवढंच. मग ती घरामागच्या शेडमध्ये निघून गेली आणि थोड्या वेळानं मशीन सुरू झाल्याचा आवाज आला.

त्यानंतर मी वाघोलीला जाऊन सरांना सगळं सांगितलं. सर बराच वेळ पेन टेबलावर आपटत राहिले. म्हणाले, "मार्क विद्यापीठाकडे गेले. आता बदलणं माझ्या हातात नाही. लेखी दे, मी पुढे पाठवतो. काय होईल सांगता येत नाही." मी तिथेच लिहून दिलं. मी उठले तेव्हा त्यांनी विचारलं, "पुढच्या वर्षीच्या मुलांपुढे हे सांगशील का? मी वर्षभर शिकवून त्यांना जे कळत नाही ते कळेल कदाचित." मी विचार करून सांगते म्हटलं. अजून सांगितलेलं नाही. खराडीच्या ज्या कंपनीत मला नोकरी मिळाली, त्यांना मुलाखतीत हाच प्रकल्प आवडला होता, विशेषतः तो तक्ता. एक तारखेला रुजू व्हायचंय. त्यांना सांगायचं का, कसं सांगायचं, यावर मी घरात फेऱ्या मारते आणि आई म्हणते, टेक जरा.

आणि तरीही, ताई, तुझ्याशी माझं भांडण संपलेलं नाही. हॉस्पिटलांचं माझं म्हणणं चुकीचं नव्हतं. सहा शाळा खरंच गेल्या असत्या. तू नुसत्या मापाच्या जोरावर बारा बायकांचं काम किती वर्षं चालवलं असतंस? हे मी तुला विचारते आणि तू उत्तर देत नाहीस. माझ्या बाजूनंही बोलणारी मीच आणि तुझ्या बाजूनंही मीच, आणि तुझी बाजू मी नीट मांडते की नाही याची खात्री आता मलाच वाटत नाही. तो कागद त्या दिवशी टेबलावर ठेवला असता तर आपण दोघी मिळून काहीतरी तिसरं शोधलं असतं. तुला ते जमलं असतं. मला तुझ्याबरोबर जमलं असतं.

काल दुपारी लताचा फोन आला. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. आवाज कोरडा.

"दाजी म्हणाले, युनिट तू बघ. बायकांशी बोलून मी ठरवलंय. कदम बाईंची शाळा ठेवायची. त्यांच्या ओळखीच्या दोन शाळांना भेटायचं. बाकीच्या सहा जातायत तर जाऊ देत. हॉस्पिटलचं पण करायचं, ताई एकाशी बोलून आल्या होत्या." मग म्हणाली, "उद्या साडेदहाला कदम बाईंच्या शाळेत ये. उशिरा अ‍ॅडमिशन घेतलेल्या पोरांची मापं राहिलीत. ताई एकट्या घ्यायच्या आणि एकट्याच लिहायच्या. मला दोन्ही जमत नाही."

"मला टेप धरता येईल का?"

"टेप मी धरणार. तू लिहायचंस," ती म्हणाली. "आणि मी सांगीन तेच लिहायचं."

आज सकाळी गेले. पहिल्या मजल्यावरच्या व्हरांड्यात चौदा मुलं रांगेत उभी होती. लता टेप लावायची, आकडा बोलायची, मी लिहायचे. पाच मुलं झाल्यावर तिनं टेप गळ्यात टाकला, माझ्या हातातून वही घेतली आणि एकेका ओळीवर बोट ठेवून वाचली. बाई दारात उभ्या होत्या, मुलं बघत होती. वाचून झाल्यावर वही परत दिली. दहाव्या मुलानंतर पुन्हा घेतली, पुन्हा वाचली. तिला तो हक्क आहे.

बाराव्या मुलीचं माप चालू असताना वरच्या वर्गातली एक मुलगी पाण्याची बाटली भरायला आली. आम्हाला बघून थांबली. तू दरवर्षी यायचीस, मोठ्या मुलांना तू माहीत. तिनं व्हरांडाभर नजर फिरवली आणि विचारलं, "शैलाताई नाही आल्या?"

लताचा हात मुलीच्या खांद्यावर तसाच राहिला. तिनं माझ्याकडे बघितलं. एकोणीस दिवसांत मी हे वाक्य मोठ्यानं एकदाही उच्चारलं नव्हतं. घरी नाही, सरांना नाही, कुणालाच नाही.

"शैलाताई वारल्या," मी म्हटलं.

मुलगी बाटली घेऊन उभी राहिली. मग हळूहळू वर्गात निघून गेली. लतानं टेप पुन्हा सरळ केला, खांद्यापासून मनगटापर्यंत ताणला आणि वाकून आकडा वाचला.

"बाही चौदा," ती म्हणाली.

मी लिहिलं.